बेंगो, म्हणजे मी येते

माझ्या मोबाईलमधली बाई रोज सकाळी मला म्हणते, "रेपिते." म्हणजे माझ्यामागून म्हणा. मी गॅस बारीक करते, पदराला हात पुसते आणि म्हणते: बेंगो, बिएनेस, बिएने. मी येते, तू येतेस, ती येते. स्पॅनिशमध्ये 'येणे' हे क्रियापद असं चालतं. मग ती म्हणते, "मुय बिएन." म्हणजे छान. मी काहीही म्हटलं तरी ती छानच म्हणते, कारण तिला मी ऐकूच येत नाही, व्हिडिओ आहे तो. तरी बरं वाटतं. सकाळच्या पारी छान म्हणणारं माझ्या घरात दुसरं आहे कोण?

पुढच्या दोन खोल्यांत घरमालकीण राहते, मागच्या दोन माझ्याकडे भाड्यानं. मधली भिंत नावाला. एकदा ती विचारायला आली, "नर्सबाई, कसला मंत्र म्हनताय वो रोज?"

"तुमचं तोंड बंद व्हायचा."

"मग लागू व्हईना की अजून!" असं म्हणून ती माझ्याच दारात बसून चहा पिऊन गेली. मी सोनईत राहते, वय साठीच्या पुढे, धंदा नर्सचा, आता रिटायर. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून मरून गेली, त्यामुळे तो प्रश्न मिटला. स्वभाव तापट. लहानपणापासून आहे, आता औषध नाही.

या वयात मी स्पॅनिश शिकायला घेतलं ते एकाच माणसासाठी. आमच्या सिस्टर. स्पेनमधून तरुणपणी इकडे आल्या, सोनईच्या पलीकडे आमच्या खेड्यात त्यांनी दवाखाना काढला आणि म्हाताऱ्या होईपर्यंत तो चालवला. त्यांच्या हाताखाली माझी सगळी नोकरी गेली. मला त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता. एकच. तो मी अख्ख्या गावात सगळ्यांच्या दारात ऐकला होता, आणि माझ्या दारात नेमका त्यांनी तो म्हटला नव्हता. त्याची ही हकिगत.

सिस्टर मराठी शिकल्या पुण्यात, पुस्तकातून. गावात आल्या तेव्हा "मी आपली अत्यंत आभारी आहे" असं बोलायच्या म्हणे. आमच्या बायांनी ते पुस्तक वर्षभरात धुऊन काढलं. मला कळायला लागलं तेव्हा सिस्टर "लई दुखतंय का गं?" आणि "आज डोस घ्यायचा न्हाई का?" असं चोख बोलत होत्या. ण त्यांना जमायचा नाही, पण आमच्याकडे तरी ण कुणाला जमतोय! एक खोड मात्र गेली नाही. वांग्याला त्या बांगं म्हणायच्या आणि विहिरीला बिहीर. पोरं मागे लागायची, "शिष्टर, काय खाल्लं?" "बांगं," म्हणायच्या त्या, आणि पोरं खिदळत पळायची. माझ्या मोबाईलमधल्या बाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं की स्पॅनिशमध्ये व चा उच्चार ब होतो. मी चपाती तव्यावर तशीच सोडून हसत सुटले. अगं बाई, म्हणून ते बांगं! इतकी वर्षं मी त्यांना व म्हणायला शिकवत होते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण हे आता सांगायचं कुणाला?

तर तो शब्द. मी शाळेत असताना आई आजारी पडली. चर्चच्या मागच्या आळीत आमचं घर, दोन खण. सिस्टर रोज सायकलवरून इंजेक्शन द्यायला यायच्या. एका शनिवारी इंजेक्शन दिलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणाल्या, "बरं, मी जाते."

आई अंगात ताप असून उठून बसली. "जाते म्हनू नये बाई! येते म्हनावं."

"पन मी जाते," सिस्टर म्हणाल्या. "उद्या रबिबार. मी येनार न्हाई. मग येते कसं म्हनू? ते खोटं हुतं."

"त्यात कसलं आलंय खोटं? जाते म्हनून गेलं की मानूस जातं. दारातून निघताना येते म्हनायचं, अशी रीत हाय आमची. जायचं ते जातंच की."

सिस्टरना काही ते पटेना. दाराची चौकट धरून त्या उभ्या राहिल्या. गोऱ्या कपाळावर आठ्या. आई हसायला लागली, आजारात पहिल्यांदा. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "बरं. येते." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भर उन्हात सायकलची घंटी वाजली. आई म्हणाली, आज कशाला त्रास घेतला? सिस्टर घाम पुसत म्हणाल्या, "काल येते म्हनले ना. मग यायला लागलं."

झालं! तेव्हापासून सगळ्या गावाला कळलं. बाकीच्या जगात येते म्हणजे निरोप. सिस्टरच्या तोंडी येते म्हणजे वायदा. ज्या घरी त्या येते म्हणाल्या, तिथं त्या परत गेल्याच, चिखल असो, ओढ्याला पाणी असो. आणि जिथं परत जाणं होणार नाही, तिथं त्या येते म्हणायच्या नाहीत. जाते तर नाहीच, आईनं दम दिला होता. मग नुसती चौकट धरायच्या, खांद्यावरचा पिशवीचा पट्टा नीट करायच्या, आणि मुकाट्यानं निघायच्या. लोकांना ते कळायचं. दम्याचा एक म्हातारा होता वस्तीवर, लई बेरकी. औषध घेतलं की कण्हत म्हणायचा, "शिष्टर, येते म्हना की!" त्याला औषध नको असायचं, गप्पा मारायला माणूस पाहिजे असायचं. "गप बस म्हाताऱ्या," त्या म्हणायच्या, आणि उंबऱ्यात गेल्या की म्हणायच्या, "येते." म्हातारा लगेच खुशीत, "या, या!" येते म्हणणाऱ्याला या म्हणायचं असतं, ती आपली दुसरी रीत.

पुढे मी नर्सिंग करून त्याच दवाखान्यात लागले. आम्ही दोघींनी मिळून किती पोरं या हातांनी जगात आणली, त्याचा हिशोब देवाकडे असेल. भांडायचोही तितकंच. "तू लई चिडकी हायेस," त्या म्हणायच्या. "आणि तुम्ही काय गोगलगाय आहात का?" मी म्हणायचे. मग दोघी एका डब्यात भाकरी खायचो. घरी मला बोलायला दुसरं कुणी नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. तेव्हा ते जाणवलं नाही, कारण दिवसभर आम्ही एकमेकींच्या समोर होतो.

मग सोनईत मोठे डॉक्टर आले, गावात रस्ता झाला, लोक मोटारसायकलवर बसून पेशंट घेऊन जायला लागले. दवाखाना ओस पडला. सिस्टर न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या संस्थेचं नगरला म्हाताऱ्या सिस्टरांचं घर आहे, तिकडे त्यांना हलवायचं ठरलं. मी तोवर सोनईत राहायला आले होते. नगरला जाताना त्यांनी जीप माझ्या दारात थांबवायला लावली. वॉकर टेकत टेकत आत आल्या. चहा झाला. मी त्यांचं तोंड बघत होते. निघताना त्यांनी माझ्या दाराची चौकट धरली, पिशवीचा पट्टा नीट केला, आणि एक शब्द न बोलता जीपमध्ये जाऊन बसल्या.

मला काय वाटलं, सांगते. राग आला. असा राग आला की त्यांचा कप मी धुतलाच नाही, दोन दिवस तसाच ओट्यावर. आता त्या परत येऊ शकणार नव्हत्या हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं हेही माहीत होतं. पण माणसाचं कळणं वेगळं आणि जिवाला लागणं वेगळं. सगळ्या तालुक्याला येते म्हणून सांगितलंत, आणि मला? एकदा खोटं बोलला असतात तर काय देवानं दारात उभं केलं नसतं?

दर रविवारी मी नगरला जायला लागले. घोडेगावपर्यंत जीप, तिथून एसटी. कारखान्याच्या सीझनमध्ये रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे बस मुंगीच्या पावलानं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग सिस्टरची मराठी जायला लागली. आधी भाज्या गेल्या. बांगंसुद्धा गेलं. मग माणसांची नावं. इंग्रजी गेली. डॉक्टर म्हणाले, या आजारात असंच होतं, शेवटी आलेलं आधी जातं, आईची भाषा शेवटपर्यंत टिकते. एका रविवारी मी खुर्चीशी बसून म्हटलं, "सिस्टर, कशा आहात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, बसमधल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं, आणि काहीतरी बोलल्या. सगळं स्पॅनिश. मला एक अक्षर कळलं नाही. परत येताना खिडकीशी बसून मी रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कोणी नाही.

तिथल्या सिस्टर भल्या बाया. केरळच्या, गोव्याच्या, एक आपल्या राहात्याकडची. पण स्पॅनिश कुणालाच येत नव्हतं. सिस्टर ताट सरकवून द्यायच्या, दुपारी रडायच्या, आणि का रडतात ते कुणाला कळायचं नाही. मग तिथल्या मोठ्या सिस्टरनी, म्हणजे त्या घराच्या प्रमुख बाईंनी, मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, स्पेनमध्ये संस्थेचं मूळ घर आहे, तिथं त्यांना पाठवायचं चाललंय. तिथं त्यांच्या भाषेत बोलणारी माणसं मिळतील.

माझं डोकंच सरकलं. "जन्म सगळा इथं काढला त्यांनी! आमच्या मातीत त्यांचे हात पाय झिजले, आणि आता म्हातारपणी पार्सल करताय?"

मोठ्या सिस्टर शांत बाई. "मग त्यांच्याशी बोलणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी बोलेन. शिकेन."

त्या हसल्या नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, कागदपत्रं व्हायला बरेच महिने लागतील. तोवर त्या जर खायला लागल्या, शांत झाल्या, तर त्यांना इथंच राहू द्या असं मी स्वतः कळवीन.

म्हणून मोबाईल, म्हणून ती बाई, म्हणून रेपिते.

शाळेत मला संस्कृतची रूपं कधी पाठ झाली नाहीत. बाईंच्या छड्या खाल्ल्या. आणि आता ही म्हातारपणी हौस! पण 'येणे' मी पहिल्या दिवशीच धरलं. व्हिडिओवाली म्हणत होती, आधी 'असणे' शिका, मग 'बोलणे'. मी म्हटलं, तुझं असू दे, मला आधी येणं पाहिजे. हे क्रियापद वाकडं निघालं. सरळ चालेल तर शपथ! मी येते म्हणताना ग येतो, तू येतेस म्हणताना तो ग गायब. आणखी एक गंमत. येतो आणि येते यांत त्यांच्याकडे फरकच नाही. बाई असो, बुवा असो, बेंगो. मला ते आवडलं. दारात आलेलं माणूस, बाई काय आणि बुवा काय, आलं हे महत्त्वाचं.

मग भूतकाळ. बीने, मी आले. बीनो, ती आली. एकदाच घडून संपलेलं. आणि पुन्हा दुसरा भूतकाळ, बेनीया, म्हणजे यायची. रोज यायची, नेहमी यायची. आपल्याकडेही आहे तो. हा काळ पाठ करताना माझ्या लक्षात आलं की माझ्या घरात सगळा कारभार याच काळात चालतो. आई यायची. सुट्टीत भाची यायची, ती आता बंगळुरूला. सिस्टर यायच्या. गल्लीतल्या पोरी पहिल्या बाळंतपणाला मलाच बोलवायला यायच्या. चालू वर्तमानकाळात माझ्याकडे कोण येतं? दूधवाला, आणि घरमालकीण चहाला. एकटेपणाचं मला कौतुक सांगायचं नाही. ज्याला आवडतं त्यानं मिरवावं. मला नाही आवडत. संध्याकाळी दिवा लावला की घर खायला उठतं, आणि मी मुद्दाम भांडी आपटते, आवाज व्हावा म्हणून.

भविष्यकाळात 'मी येईन' याला म्हणतात बेंद्रे. घ्या! हे तर आडनाव झालं. घरमालकिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्या आडनावाची मान्सं कवाच उशीर करत नसतील." आम्ही दोघी पोट धरून हसलो. आणि सगळ्यात अवघड म्हणून ज्याचा बाऊ करतात ते रूप, बेंगा. यावी. यावं. नुसतं उभं राहत नाही ते, त्याच्या आधी इच्छा लागते. किएरो के बेंगा, तिनं यावं असं मला वाटतं. मोबाईलमधली बाई म्हणाली, हे परदेशी माणसांना फार जड जातं. मला नाही गेलं. एका दुपारी पाठ झालं.

चार वाक्यं नीट जमल्यावर मी नगरला गेले. नवी साडी नेसून. एसटीत वाटभर तीच चार वाक्यं घोकत. सिस्टर व्हरांड्यात खुर्चीत होत्या. मी वाकून म्हटलं, "ब्वेनास तार्देस, एरमाना." नमस्कार, सिस्टर.

काय सांगू! त्यांचा चेहराच उघडला. माझे दोन्ही हात धरून त्या बोलत सुटल्या. नळाला तोटी नसावी तसं. मला त्यातला एखादा शब्द हाती लागायचा, बाकी सगळं वाहून जायचं. मी आपली मान हलवत होते. मग त्या थांबल्या आणि एक छोटं वाक्य हळू बोलल्या. ते मला पुरतं कळलं, कारण त्यात माझं क्रियापद होतं. "क्वांदो बिएने मी मादरे?" माझी आई कधी येते?

त्यांची आई! त्यांच्याच वयाची नव्वदी जवळ आलेली. मला भविष्यकाळ येत होता. बेंद्रा, येईल, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या बाईनं मला आयुष्यभर खोट्याची चीड शिकवली, तिच्या तोंडावर ते म्हणवेना. मी म्हटलं, "नो से." मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना चाललं ते. त्या दिवशी माझ्या हातून त्यांनी वाटीभर पेज खाल्ली. राहात्याच्या सिस्टरनी लांबूनच मला हात जोडले.

मग दर रविवारी असंच. त्या खायच्या, रडणं कमी झालं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुमची कमाल आहे. मी वरवर हसायचे. आत काय होतं ते कुणाला सांगणार? मला हळूहळू जास्त कळायला लागलं होतं. सिस्टर मला एका नावानं हाक मारायच्या. ते माझं नव्हतं. कुठल्या तरी शाळेतल्या मैत्रिणीचं होतं. त्यांच्या लेखी त्या सात-आठ वर्षांच्या होत्या, शाळा सुटली होती, फाटकाशी आम्ही दोघी उभ्या होतो, आणि त्यांची आई त्यांना न्यायला यायची होती. रस्ता उताराचा होता. खाली पावाची भट्टी होती, तिचा वास यायचा. दर रविवारी तेच फाटक. मी जिथवर शिकत शिकत पोचले होते, तिथं मी नव्हतेच. आमचा दवाखाना नव्हता, दम्याचा म्हातारा नव्हता, माझी आई नव्हती. मला ओळखणाऱ्या सिस्टर मराठीत राहत होत्या, आणि ते घर कधीच बंद झालं होतं.

कागदपत्रं आली तेव्हा मोठ्या सिस्टरनी मला पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, "आता तुमच्यावर आहे. त्या खातात, झोपतात. मी त्यांना इथं ठेवायला कळवू शकते. फक्त एक सांगा, त्या बोलतात काय? त्यांना काय पाहिजे आहे?"

त्या अख्ख्या इमारतीत ते सांगू शकणारी मी एकटी होते. "त्या खुशीत आहेत," एवढं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? शब्द जिभेवर आले होते. पण तासाभरापूर्वीच सिस्टर माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या होत्या, "किएरो के बेंगा मी मादरे. किएरो इर आ कासा." आईनं यावं. मला घरी जायचंय. ते मनगट अजून दुखत होतं.

"घरी जायचं म्हणतात," मी म्हटलं. "आईनं न्यायला यावं म्हणतात."

मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझी दया आली असणार. "घरी म्हणजे तुमच्या गावाकडे असेल कदाचित. दवाखान्यात?"

"नाही हो. तिथं उतारावर पावाची भट्टी आहे. आमच्या गावात कुठली आलीय भट्टी?"

त्यांनी फाईल जवळ ओढली. मी बाहेर आले. एसटी स्टँडवर उभं राहून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. घ्या! शिका स्पॅनिश! न शिकता गप पडून राहिले असते तर त्या कशासाठी रडतात ते कुणाला कळलं नसतं. आणि मग त्या रडतच राहिल्या असत्या. हे दुसरं वाक्य घोडेगाव येईपर्यंत मला म्हणवलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी मी वेळेवर पोचले. गावाकडची चार-पाच माणसं आली होती, कुणी शेंगदाण्याचे लाडू आणलेले, कुणी नुसतंच रडायला. सिस्टरना न्यायला स्पेनहून एक मधल्या वयाची सिस्टर आली होती. हसऱ्या चेहऱ्याची. मी तिच्याशी दोन वाक्यं बोलले, तर तिनं मला मिठीच मारली. खऱ्या माणसानं "मुय बिएन" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दुसरा कुठला दिवस असता तर मी गल्लीभर सांगत सुटले असते.

मुंबईला जायची गाडी दारात लागली. सिस्टरना व्हीलचेअरवरून आणलं. मांडीवर त्यांची ती जुनी पिशवी होती, दवाखान्याची, ती सोडायलाच तयार नव्हत्या म्हणे. मी पाया पडले. त्या माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होत्या. मी मनाशी ठरवून गेले होते की काही मागायचं नाही. ज्यांच्या डोक्यात आपण उरलोच नाही, त्यांच्याकडे काय मागणार? दोघींनी धरून त्यांना उभं केलं. गाडीत बसायला त्या वाकल्या, आणि थांबल्या. एका हातानं त्यांनी गाडीच्या दाराची चौकट धरली. दुसऱ्या हातानं पिशवी खांद्याला अडकवली आणि पट्टा नीट केला.

मला कळलं आता काय होणार. मुकाट्यानं आत बसतील. मी मान खाली घातली.

"बेंगो," सिस्टर म्हणाल्या.

मी वर बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. कपाळावर आठ्या होत्या, त्याच. पुन्हा म्हणाल्या, जरा दमात, मला ऐकू गेलं नाही असं वाटून, "बेंगो."

न्यायला आलेली सिस्टर हसली, तिनं त्यांचा हात थोपटला आणि मला हळूच समजावून सांगितलं. पोबरे, बिचाऱ्या, गोंधळल्यात. कायमचं निघताना आमच्यात 'मे बोय' म्हणतात, मी जाते. बेंगो म्हणजे मी येते. जाताना असं कुणी म्हणत नाही.

मी त्या भल्या बाईला काही सांगत बसले नाही. बेन, बेंगा, बेंगास, ये-या म्हणायची मला सगळी रूपं पाठ होती. उत्तराला त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"या, सिस्टर," मी म्हटलं. "या हं."

त्यांनी मान हलवली आणि त्या आत बसल्या. गाडी गेली. माणसं पांगली. कुणीतरी माझ्या हातात लाडू ठेवला, तो मी एसटीत बसेपर्यंत हातातच होता.

सोनईत उतरून घरी आले तर घरमालकीण ओट्यावर शेंगा सोलत बसलेली. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सरकून जागा केली. मी टेकले. तिनं हळूच विचारलं, "गेल्या का वो सिस्टर?"

मी चपला काढल्या. पाय लई दुखत होते.

"येते म्हणाल्या," मी सांगितलं.